गाड्यांना ऐकू येत नव्हतं ती गल्ली

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही आणि तो गाड्यांना सायरन बसवतो. दारव्ह्यात आता हे कोणाला नवीन नाही. पण माझं लग्न ठरत होतं तेव्हा राळेगाव तालुक्यातल्या माझ्या माहेरी ह्या एका गोष्टीवर आठवडाभर बोलणं चाललं होतं. माझ्या मोठ्या काकांना तर मध्यस्थ आपली थट्टा करून राहिला आहे असंच वाटलं होतं.

थोडं आधी सांगून टाकते. आमच्याकडे बायका नवऱ्याला 'हे' म्हणतात, अहो-जाहो करतात. मीही चारचौघांत तसंच बोलते. पण आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो ते हातांनी, आणि हातांच्या बोलण्यात अहो-जाहो नसतं. बोट समोरच्याकडे गेलं की 'तू', बाजूला गेलं की 'तो'. दहा वर्षं तसं बोलून माझ्या मनात तो 'तो'च झाला आहे, म्हणून इथे तसंच लिहिते.

दोन वर्षांचा असताना मोठा ताप आला आणि त्याचं ऐकणं गेलं. यवतमाळच्या मूकबधिर शाळेत शिकला, मग आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला, आणि तिथल्याच एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आठ वर्षं सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म बसवत राहिला. लग्नानंतर आम्ही दारव्ह्यात स्वतःचं दुकान टाकलं. एक शटर, पुढे टिनाचं शेड, त्यात एका वेळी दोन गाड्या उभ्या राहतात. मी दुकानात बसू लागले ती फक्त फोन घ्यायला. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, त्याला हातांनी सांगायचं, त्याचं उत्तर गिऱ्हाइकाला बोलून दाखवायचं.

सायरन बसवल्यावर तो गाडीच्या मडगार्डवर तळहात ठेवून बटण दाबतो. वाजतो की नाही, एवढंच नाही, तर सायरन सैल बसला आहे की घट्ट, हेही त्याला हाताला कळतं. पहिल्या वर्षी मी कानांत बोटं घालून उभी राहायचे आणि तो शांतपणे हात ठेवून उभा असायचा. ते पाहून नवीन गिऱ्हाइकाला हसू यायचं. मला यायचं नाही, कारण मी कानांनी ऐकूनही जे सांगू शकत नव्हते ते तो हाताने सांगत होता.

एका दुपारी काम नव्हतं तेव्हा मी त्याला विचारलं, किल्लीचं बटण दाबलं की इतक्या लांबून गाडीला कळतं कसं. तो खूश झाला. त्याला हे कोणी विचारत नाही. त्याने एक जुनं युनिट उघडून टेबलावर ठेवलं आणि समजावून सांगायला लागला. किल्ली म्हणजे तोंड. बटण दाबलं की ती हवेत एक आकडा बोलते, माणसाला ऐकू न येणारा. डॅशबोर्डच्या खाली जी डबी असते तिच्या आत एक कान असतो. कानाने आकडा ऐकला आणि तो ओळखीचा निघाला की डबी चारही दारांतल्या मोटरींना हुकूम सोडते, मोटरी लॉकच्या दांड्या ओढतात, आणि इंडिकेटर डोळे मिचकावतात. बंद करताना एकदा, उघडताना दोनदा. गाडी बंद झाली की डबी जागत बसते. दाराच्या चौकटीत एक लहानसा स्विच असतो; रिमोटशिवाय दार उघडलं की तो चहाडी करतो, सायरन सुरू होतो आणि गाडी सुरू व्हायची लाइनच तुटते. धक्का ओळखणारा एक सेन्सर वेगळा. त्याचा स्क्रू किती फिरवायचा हे मात्र गाव पाहून ठरवावं लागतं. आमच्याकडे गाड्या अंगणात उभ्या असतात आणि बकऱ्या बॉनेटवर चढतात. बकरीला वाजायचं नाही आणि चोराला वाजायचं, असा तो स्क्रू लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हळूहळू मीही पाना हातात घेतला. दाराचं आतलं पॅड क्लिपा न तोडता काढायला शिकले, वायरी ओळखायला शिकले. पण सांगायचं आहे ते मागच्या वर्षीचं, कापूस वेचायला आला होता त्या दिवसांतलं.

इथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर आहेत. त्यांनी जुनी गाडी घेतली होती आणि आमच्याकडून पूर्ण सिस्टम बसवून घेतली होती. दहाएक दिवसांनी ते घामाघूम होऊन पायी दुकानात आले. बाजाराच्या मागच्या गल्लीत, रक्त तपासायच्या लॅबसमोर, त्यांनी सकाळी गाडी उभी केली होती. रिमोटने बंद केली तेव्हा नीट झाली. अर्ध्या तासाने परत आले तर रिमोट चालेना. शेवटी किल्लीने दार उघडलं, आणि सायरन सुरू झाला. सुरू झाला तो थांबेना, कारण थांबवायलाही रिमोटच लागतो. गाडीही चालू होईना. गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली आणि सर आपल्याच गाडीजवळ चोरासारखे उभे राहिले.

आम्ही दोघं त्यांच्याबरोबर गेलो. पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. नवऱ्याने रिमोट घेतला, दाबला, आणि पहिल्या झटक्यात सायरन थांबून गाडी उघडली. परत बंद केली, परत उघडली. सर माझ्याकडे पाहत म्हणाले, "मी काय खोटं सांगून राह्यलो का?"

मी तसं म्हटलं नाही, पण त्यांना तसंच वाटलं. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग बियाण्याच्या दुकानदाराचं, मग प्रवासी जीप चालवणाऱ्या एकाचं. दुकानदाराच्या गाडीला तर आम्ही हातही लावला नव्हता, तिचं लॉकिंग कंपनीतूनच आलेलं होतं. पण गावात बोलणं पसरलं ते आमच्या दुकानाचं. बहिऱ्याने बसवलेलं लॉक, असं लोक म्हणू लागले. एक ओळखीचे गृहस्थ दुकानात येऊन मलाच म्हणाले, "ज्याले ऐकू येत नाही त्याच्याकडून वाजणाऱ्या वस्तूचं काम कायले करून घ्यावं?" त्या वेळी माझा नवरा त्यांच्याकडे पाठ करून जीपच्या खाली निजला होता. दोन जण बसवलेली सिस्टम काढून द्या म्हणत आले.

हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्यापर्यंत गावातलं बोलणं पोचायचं तर ते माझ्यातूनच पोचणार, आणि मी दार लावून घेतलं. काढायला आलेल्यांना मी सांगितलं की आज वेळ नाही, सोमवारी या. त्याला वेगळंच काही सांगितलं. आठवडाभर मी असं केलं. तेव्हा मला वाटत होतं की मी त्याला जपते आहे.

पण तोंडं वाचण्यात त्याचं आयुष्य गेलं आहे. एका सकाळी त्याने शटर अर्धंच उघडलं, मला आत बसवलं आणि हातांनी म्हणाला, "लोक काय म्हणतात ते सगळं सांग. गाळू नको."

मी सांगितलं. बहिऱ्याचं लॉक हेही सांगितलं. मला वाटलं त्याला वाईट वाटेल, राग येईल. त्याने फक्त वही पुढे केली आणि विचारायला लागला. कोणाची गाडी? कुठे उभी होती? किती वाजता? मी फोन लावून लावून एकेकाला विचारलं आणि लिहून काढलं. पान भरल्यावर आम्हा दोघांनाही ते दिसलं. सगळ्या गाड्या त्याच एका गल्लीत अडकल्या होत्या. सकाळी नऊ ते अकरा, नाहीतर संध्याकाळी दिवेलागणीला. दुपारी कधीच नाही.

त्याने वही मिटली. मग त्याने आपल्या कानावर बोट ठेवलं, जुन्या युनिटकडे दाखवलं आणि म्हणाला, गाडीचा कान चांगला आहे. गल्लीत कोणीतरी सारखं बोलून राहिलं आहे, म्हणून तिला किल्लीचं ऐकू येत नाही. मला नीट कळावं म्हणून त्याने माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाची आठवण दिली. तिथे डीजे लागला होता आणि मी फोन कानाला लावून 'काय? काय?' करत मांडवाबाहेर पळाले होते. त्याला तो डीजे ऐकू आला नव्हता, पण माझं पळणं त्याने पाहिलं होतं.

त्या दिवशी त्याने भंगारातल्या युनिटमधला कान काढला, एका लाकडी फळीवर बसवला, त्याला छोटी बॅटरी जोडली आणि कानाच्या पुढे एक बारीक लाल दिवा लावला. वीतभर वायर अँटेना म्हणून वर उभी केली. हवेत काही नसलं की दिवा मंद थरथरायचा. मी कुठलंही रिमोट दाबलं की तो ठळक लागायचा. म्हणजे जे कोणालाच ऐकू येत नाही ते आता डोळ्यांना दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही गल्लीत गेलो. मी सरांना फोन करून गाडी घेऊन बोलावलं होतं. ते आले, पण त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी गाडी लॅबसमोर उभी केली आणि रिमोट दाबला. काही झालं नाही. फळीवरचा दिवा मात्र गल्लीच्या तोंडापासूनच ठळक लागलेला होता.

तो फळी दोन्ही हातांत धरून पुढे निघाला, मी मागे. दुकानांतली माणसं पायऱ्यांवर आली. कोणी विचारलं, काय मोजून राहिले, कोणी विचारलं, पाणी लागतं का बोअरला. मी सगळ्यांना एकच सांगत होते की लॉकचं काम आहे. पण दिवा कापडाच्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे सारखाच लागत होता. त्यावरून काहीच कळत नव्हतं. मला लाज वाटू लागली, आणि लाज वाटली याचाही राग आला.

तो गल्लीच्या मधोमध थांबला. खिशातून कटर काढला आणि अँटेनाची वायर अर्धी तोडून टाकली. मला वाटलं वैतागला. पण तो मागे वळून हसला आणि म्हणाला, आता ह्या कानाला कमी ऐकू येतं. आता ह्याला जवळचंच ऐकू येईल.

खरंच, दिवा आता निम्म्या गल्लीतच लागत होता. त्याने वायर पुन्हा अर्धी केली, मग अजून थोडी, मग उरलेलं टोकही काढून टाकलं. शेवटी दिवा फक्त एकाच ठिकाणी ठळक होऊ लागला, शिंप्याच्या दुकानावरच्या तीन-चार घरांच्या सामाईक जिन्यात. एकेक पायरी चढावी तसा तो जास्त लागत होता.

वर ज्या दारापुढे दिवा सगळ्यात ठळक झाला ते दार त्या घरच्या सुनेने उघडलं. मी तिला काय आहे ते सांगितलं आणि तिने आम्हाला आत घेतलं. खोलीत तिचे सासरे खुर्चीत बसले होते. ते एसटीचे ड्रायव्हर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. समोर टीव्ही चालू होता, त्यावर कीर्तन चाललं होतं, आणि आवाज अजिबात नव्हता. त्यांच्या कानांवर मोठे बिनवायरचे हेडफोन होते. टीव्हीच्या वर एक काळी डबी होती, हिरवा दिवा लागलेली.

नवऱ्याने फळी त्या डबीजवळ नेली. लाल दिवा अगदी लख्ख झाला. त्याने सुनेकडे पाहून प्लगकडे बोट केलं, तिने मान डोलावली, आणि त्याने प्लग काढला. फळीवरचा दिवा पुन्हा मंद थरथरू लागला.

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि म्हटलं, आता दाबा. खाली त्यांची गाडी एकदा वाजली आणि बंद झाली. मग कोणीतरी आपली किल्ली दाबली, मग गल्लीत जमलेल्या बियाण्याच्या दुकानदाराने, मग जीपवाल्याने. मी नवऱ्याला हाताला धरून खिडकीशी नेलं. गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळे इंडिकेटर मिचकत होते, लोक एकमेकांना दाखवून पुन्हा पुन्हा बटणं दाबत होते. मला ते सगळे आवाज ऐकू येत होते. त्याला दिसत होतं ते मात्र मला जास्त चांगलं वाटलं.

इतक्यात म्हाताऱ्यांनी हेडफोन काढले. त्यांतला आवाज एकदम बंद झाला होता ना. सुनेने कानाजवळ जाऊन सगळं सांगितलं. मग तिने आम्हाला सांगितलं, सासऱ्यांच्या पुण्याच्या मुलाने तो सेट पाठवला होता. तीस वर्षं इंजिनाच्या शेजारी बसून कान गेलेले, टीव्ही मोठा लावावा लागायचा, खाली शिंप्याला त्रास व्हायचा, म्हणून. ती डबी टीव्हीचा आवाज हेडफोनकडे पाठवायची आणि तोही नेमक्या त्याच लहरींवर, ज्यांवर आमच्या किल्ल्या बोलतात. सकाळचं कीर्तन आणि संध्याकाळच्या बातम्या, तेवढा वेळ.

आपल्या डबीमुळे गाड्या अडकत होत्या हे कळल्यावर म्हातारे खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "मले वाटलं, माझा आवाज घरातल्या घरातच हाये." त्यांनी आणखी एक सांगितलं, की आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांनी गल्लीत कोणाला कळू दिलं नव्हतं.

मी हे नवऱ्याला सांगितलं. खाली लोक थांबले होते, हाका मारत होते. नुसतं खिडकीतून सांगितलं असतं की ह्या घरातल्या डबीमुळे झालं, तर आमच्या दुकानावरचा डाग तिथल्या तिथे गेला असता. मी वळलेही होते. त्याने माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "घर सांगू नको. एक मशीन होती, बंद केली, एवढंच सांग."

मी आधी ऐकलं नाही. हातांनीच भांडले. म्हटलं, लोकांनी तुला काय काय म्हटलं आणि तू त्यांना एवढंसं सांगतोस. त्याने म्हाताऱ्यांकडे नजरेनेच दाखवलं. ते हेडफोन मांडीवर घेऊन त्यावरून बोट फिरवत होते. मग मी खाली जाऊन तेवढंच सांगितलं. एक मशीन होती, बंद केली.

कोणाचं समाधान झालं, कोणाचं नाही. सर मात्र हुशार माणूस. त्यांनी फळी हातात घेऊन उलटीपालटी केली, अँटेनाची रिकामी जागा पाहिली. नंतर म्हणाले, "वायर कापत जाणं मले सुचलं नसतं." आणि त्यांनी सगळ्यांच्या समोर त्याच्यापुढे हात जोडले.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. नवऱ्याने टीव्हीपासून खुर्चीपर्यंत भिंतीला धरून बारा फूट वायर ओढली, तिला साधे हेडफोन जोडले आणि खुर्चीच्या हाताला आवाज कमी-जास्त करायचं बटण बसवलं. म्हाताऱ्यांनी ते लावून पाहिले, बटण फिरवलं, आणि सांगितलं की हे पहिल्यापेक्षा साफ आहे. त्या दिवसापासून गल्लीत एकही गाडी अडकली नाही. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःच शिंप्याच्या दुकानात बसून सगळी गोष्ट लोकांना सांगितली, हसत हसत, माझ्यामुळे गाड्या बहिऱ्या झाल्या होत्या म्हणून. त्यांनी सांगितली, म्हणूनच मी इथे लिहिते आहे.

सिस्टम काढायला आलेल्या दोघांपैकी एक सोमवारी आलाच नाही. दुसरा आला तो भावाची गाडी घेऊन, तिलाही सिस्टम बसवायची म्हणून.

हिवाळ्यात सरांनी आम्हाला कॉलेजात बोलावलं, मुलांना हे सगळं दाखवायला. नवरा जायला तयार नव्हता. मी त्याला तयार केलं. तो फळी आणि एक पूर्ण सिस्टम घेऊन टेबलाशी उभा राहिला, आणि मी त्याचे हात पाहून बोलत गेले. एका पोराने विचारलं की किल्लीने बोललेला आकडा कोणी पकडून ठेवला आणि उद्या तोच गाडीला ऐकवला तर. त्याने सांगितलं, मी बोलून दाखवलं: किल्ली आणि गाडी दोघींना एकच यादी पाठ असते, आणि दर वेळी त्या पुढे सरकतात. वापरलेला आकडा गाडी परत घेत नाही.

मग एका मुलीने विचारलं, घरी लेकराने किल्लीशी खेळून शंभरदा बटण दाबलं तर. हे मला येत होतं. मी त्याला न विचारताच सांगून टाकलं की मग किल्ली बाद, नवीन घ्यावी लागते. तो माझे ओठ पाहत होता. त्याने नाही म्हणून मान हलवली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: बाद नाही. किल्ली यादीत थोडी पुढे गेली तर गाडी तिला गाठते. फार पुढे गेली तर दोघींची परत ओळख करून द्यावी लागते. आणि डबीवरचं बटण दाबून ती ओळख कशी करून देतात ते त्याने तिथेच करून दाखवलं. वर्गातली मुलं बाकांवर उभी राहून पाहत होती. माझी चूक सगळ्यांसमोर निघाली होती आणि मला इतकं चांगलं क्वचितच वाटलं असेल.

शेवटी शिपायाने एक रजिस्टर आणलं. त्यात तारीख, विषय, आणि 'व्याख्याते' असा रकाना होता. नवऱ्याने सही केली. मी बाजूच्या कोऱ्या जागेत 'सोबत' असं लिहायला गेले. त्याने पेन माझ्या हातातून घेतलं, रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि आपल्या सहीच्या खालची ओळ दाखवली, त्याच रकान्यातली. मी तिथे सही केली.